अंगठा देण्याआधी

रनाळ्यात बचत गटाच्या बायकांची बैठक होती. विषय दोनच होते, कर्जाचे थकलेले हप्ते आणि मिरचीच्या पथारीवरची मजुरी. बैठकीला येणाऱ्या बायका तिशी-चाळिशीतल्या. त्या दिवशी एक म्हातारी येऊन उंबऱ्याशी बसली. ती गटाची सभासद नव्हती. साठीपुढच्या बाईला गटात सहसा कुणी घेतही नाही. तिने कर्ज घेतलं तर फेडणार कोण, हा प्रश्न येतो. बैठक संपली, चहा झाला, बायका उठल्या, तरी ती बसूनच. मी विचारलं, "माय, काही काम होतं का?" तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला.

"ताई, हाऊ कागद वाची दे. यान्हामा काय लिखेल शे?"

ती हक्कसोडपत्राची झेरॉक्स होती, चार वर्षांपूर्वीच्या दस्ताची. खाली तिचा अंगठा उमटलेला होता. चार वर्षांपूर्वी आपण कशावर अंगठा दिला, हे ती आज विचारत होती.

तिची हकिगत इथे देताना ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा वारला तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून चार नावं लागली. दोन मुलगे, एक मुलगी आणि ती. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं नाव शेताच्या कागदावर आलं आणि दीड वर्षात गेलंही. सोसायटीचं कर्ज काढायचं तर चौघांच्या सह्या लागतात, दिलेल्या बहिणीला दर वेळी कुठे बोलवायचं, असं मुलांनी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. तिला जीपने नंदुरबारला नेलं, नवं लुगडं घेतलं, परतताना हॉटेलात खाऊ घातलं. तो दिवस अजूनही तिच्या मनात चांगला दिवस म्हणूनच आहे. मुलीनेही त्याच दिवशी सही केली, माहेर तुटू नये म्हणून.

तेव्हा तिची बाज माजघरात होती. नातवाचं लग्न ठरलं, जागा लागली, बाज ओट्यावर आली. मग ओट्यावर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी येऊन पडली आणि बाज गोठ्याच्या पडवीत गेली. दर वेळी कारण होतं, आणि प्रत्येक कारण एकेकटं ऐकलं तर पटण्यासारखंच. मुलांच्या चुली वेगळ्या आहेत. ती एक महिना एकीवर जेवते, एक महिना दुसरीवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन कापूस निघाल्यावर करायचं ठरलं होतं. कापूस तेव्हापासून चार वेळा निघाला.

मी विचारलं, मारतात का? "नही वं ताई." थोड्या वेळाने म्हणाली, एकदा ढकललं होतं, पण तो पिएल होता. आणि लगेच, "मन्हा पोऱ्या वाईट नही शे."

हे वाक्य मी इतक्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही. तिला खोटं बोलायचं नसतं. मुलगा वाईट आहे असं म्हटलं तर आपलं सगळं आयुष्य कशासाठी गेलं, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो, आणि पंचाहत्तराव्या वर्षी त्या प्रश्नाला तोंड द्यायची तिची तयारी नसते. शिवाय रात्रीची भाकरी त्याच घरातून यायची असते. केंद्र सरकारने वार्धक्याची देशभर पाहणी केली, तिचा पहिला अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. साठीपुढच्या शंभर माणसांपैकी साधारण पाच जणांनी वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. हा आकडा कुणी व्याख्यानात सांगितला की मला ही माय आठवते. पाहणी करणाऱ्यांनी तिला विचारलं असतं तर ती उरलेल्या पंचाण्णवांत बसली असती.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात वृद्धांचा प्रश्न आम्हाला 'कुटुंबातील समायोजन' या मथळ्याखाली शिकवला गेला. दोन पिढ्यांतलं अंतर, एकत्र कुटुंबाचा ऱ्हास, शहरीकरण, वृद्धांचे छंद. रनाळ्यात कुटुंब एकत्रच आहे. एका वाड्यात दोन्ही मुलगे, दोन्ही सुना, नातवंडं. म्हातारी त्यांच्यातच आहे, फक्त गोठ्याच्या पडवीत. एकत्र कुटुंब मोडल्यामुळे म्हाताऱ्यांचे हाल होतात असं भाषणात म्हणणाऱ्यांना मी ती पडवी दाखवायला तयार आहे.

मात्र सगळ्या म्हाताऱ्यांची दुरवस्था एकाच मापाने मोजता येणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या भिल्लवस्त्यांतून दिवाळीनंतर जोडपीच्या जोडपी दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे, ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. कोयत्यात म्हातारी बसत नाही. ती मागे राहते, शेजारच्या भरवशावर, थोडी ज्वारी आणि दोन नातवंडं सोबत घेऊन. होळीपर्यंत, कधी त्याही पुढे. त्या चार-पाच महिन्यांत ती आजारी पडली तर दवाखान्यात न्यायला कुणी नसतं. याला मुलाने केलेली हेळसांड म्हणायची का? मला ते जमत नाही. तो मुलगा उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत झोपतो, त्याच्या आईला उपाशी ठेवणारी व्यवस्था त्यालाही धड जेवू घालत नाही. तिथे प्रश्न रेशनचा, रोजगार हमीचा, गावातल्या आशाताईच्या फेरीचा आहे. रनाळ्याच्या मायची गोष्ट निराळी. त्या घरात ट्रॅक्टर आहे, ठिबक आहे, नातवाच्या लग्नात बँड होता. मी पुढे लिहिते आहे ते तिच्यासारखीबद्दल.

आणि ते या अंकात लिहिण्याचं कारण आहे. आपल्या चळवळीत म्हातारी बाई आली ती बहुतेक वेळा आरोपी म्हणून. पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडाच्या मृत्यूनंतर बायका रस्त्यावर आल्या, पुढच्या वर्षी दंडविधानात ४९८-अ कलम आलं. त्या सगळ्या वर्षांत आपण सुनेच्या बाजूने उभ्या राहिलो आणि ते बरोबरच होतं. समोरच्या बाजूला, नवऱ्याच्या शेजारी, सासू उभी असायची. शिबिरांतल्या आपल्या नाटुकल्यांतली सासू आठवून पाहा. कमरेला किल्ल्या, हातात लाटणं. तिच्या कमरेच्या किल्ल्या कोणत्या कुलपाच्या होत्या, हे आपण विचारलं नाही. बहुधा धान्याच्या कोठीच्या असाव्यात. जमिनीचा कागद तिच्या कुलपात कधीच नव्हता. घरात तिचा जो काही दरारा होता तो मुलाच्या आणि नवऱ्याच्या जिवावर चाललेला उसना दरारा होता. नवरा गेला आणि मुलाने वाटणी करून घेतली की दरारा संपला.

रनाळ्याहून तापी ओलांडली की शहादा. १९७२ साली तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासी बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीचा इतिहास सांगताना आपण त्या बायकांपासून सुरुवात करतो. तेव्हा विशी-पंचविशीत असलेल्या त्या बायका आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. चांदवडला १९८६ साली शेतकरी महिला अधिवेशनाला गेलेल्या हजारो बायकांचंही तेच. त्यांच्यातल्या किती जणींची बाज आज कुठे आहे, याची चौकशी आपल्यापैकी किती संघटनांनी केली?

सत्तरीतली बाई आणि सत्तरीतला पुरुष यांचं म्हातारपण सारखं नसतं. लग्नाच्या वेळी ती वयाने लहान, म्हणून मागे उरते तीच. साठीपुढच्या बायकांत निम्म्याच्या आसपास विधवा आहेत. विधुर पुरुष त्या मानाने फारच थोडे. पुरुष म्हातारा झाला तरी त्याची सेवा करायला बायको असते. ती म्हातारी होते तेव्हा तिच्याजवळ सून असते, आणि त्या सुनेला तिने कसं वागवलं याचा हिशेब कुठेतरी लिहिलेला असतो. 'नटसम्राट' नाटकात बेलवलकरांनी घर-इस्टेट मुलांना वाटून टाकली आणि पुढचं सगळं ओढवलं. १९७० पासून महाराष्ट्र आप्पांसाठी रडतो आहे. पण ती इस्टेट वाटताना कावेरीला कुणी विचारलं होतं का? आप्पांच्या हाती वाटायला काही तरी होतं. आपल्याकडच्या बहुतेक कावेरींच्या हाती तेही नसतं; वारसनोंदीनंतरचे चार-सहा महिने नाव कागदावर येतं, तेवढंच.

म्हणूनच माझं मत असं झालं आहे की म्हाताऱ्या बाईच्या छळाचा प्रश्न छळ सुरू झाल्यावर हाती घेणं म्हणजे फार उशीर करणं. तिची बाज माजघरात असते तेव्हाच, अंगठा देण्याआधी, आपण तिच्याजवळ असायला हवं. नवऱ्याच्या हिश्श्यात विधवेचा वाटा मुलांच्या आणि मुलीच्या बरोबरीचा आहे, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती त्याची पूर्ण मालक आहे. आदिवासी बाईचं मात्र तसं नाही. तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथे रूढी चालते, आणि रूढी कोण सांगणार तर गावातले पुरुष. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात म्हटलं की बाईला वारसा न देण्याची रूढी सिद्ध झाली नसेल, तर तिला वगळणं समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. वर सातपुड्यात एकट्या विधवेला डाकीण ठरवून गावाबाहेर काढल्याच्या तक्रारी येतात, तेव्हा अंधश्रद्धेबरोबर तिच्या वाट्याची जमीन कुणाला हवी आहे हेही पाहावं लागतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली असा आरोप करून कुणाचं जगणं कठीण करणं हा गुन्हा आहे. गुन्हा नोंदवून ती वाचेल. जमीन परत मिळायला वेगळा कायदा लागतो.

आपल्याकडे या बाबतीत काहीच झालं नाही असं नाही. शेतकरी संघटनेने चांदवडनंतर काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी, म्हणून. १९९२ साली सरकारनेही त्या नावाची योजना आणली. २००३ मध्ये 'घर दोघांचे' हा शासन निर्णय झाला आणि ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागायला लागली. ज्या घरांच्या उताऱ्यावर म्हातारीचं नाव टिकून आहे, तिथे तिची बाज हलवायला मुलगा दहादा विचार करतो. हे मी प्रेमाच्या विरोधात बोलत नाही. प्रेम असलेल्या घरातही उतारा कुणाचं नुकसान करत नाही.

आता २००७ च्या कायद्याविषयी. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा हा कायदा आपल्या राज्यात १ मार्च २००९ पासून लागू आहे. प्रांताधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली निर्वाह न्यायाधिकरण असतं. तिथे वकील लागत नाही. म्हातारी स्वतः जाऊ शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. म्हणजे आपण करू शकतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. दरमहा जास्तीत जास्त १० हजार रुपये मंजूर होऊ शकतात. आई-बापांना टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. हे सगळं ऐकायला चांगलं आहे, आणि शहरात मला याचा उपयोग झालेलाही दिसला. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० च्या अखेरीस ठराव केला की आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातले ३० टक्के कापून आई-वडिलांना द्यायचे. पुढच्या वर्षी काही जणांची तशी कपात सुरूही झाली, त्यांत शिक्षक होते. पण कापसाच्या शेतकऱ्याला पगारपत्रक नसतं. आणि मुलावर अर्ज करून त्याच्याच गोठ्यात परत झोपायला जायचं, हे म्हातारीला सांगायला मलाही जड जातं.

त्या कायद्यातलं खरं हत्यार कलम २३ आहे, आणि ते गावात जवळजवळ कुणाला ठाऊक नाही. म्हाताऱ्या माणसाने, सांभाळण्याच्या अटीवर, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली आणि त्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. खोच 'अटीवर' या शब्दात आहे. हरियाणातल्या एका आईने दिलेल्या हक्कसोडपत्रावरून झालेल्या खटल्यात, सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की व्यवहार सांभाळण्याच्या अटीवर झाला होता हे दिसलं पाहिजे, नाही तर कलम २३ लागू होत नाही. आईने मुलांच्या नावावर केलं म्हणजे तिला सांभाळायचं हे गृहीतच आहे, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या हिताने, सढळपणे लावावा असं म्हटलं, बक्षीसपत्र रद्द केलं आणि आईला ताबा परत द्यायला लावला. तिथेही मुलाने त्याच दिवशी दिलेलं वचनपत्र आईच्या हाती होतं. मतलब एकच, काही तरी लिहिलेलं हवं.

म्हणून बैठकीत मी आता बायकांना सांगते, सही करायचीच असेल तर त्याच दस्तात वाक्य घालून घ्या: माझ्या हयातीत मला जेवण, कपडा, औषधपाणी आणि राहायला या घरातली अमुक खोली देण्याच्या अटीवर मी हा हक्क सोडत आहे, आणि अट मोडल्यास हा दस्त रद्द होईल. खोलीचं नाव घाला. माजघर असेल तर माजघर लिहा. त्याहून बरं म्हणजे सही करूच नका आणि मुलांना द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. एका बाईने विचारलं, "मग पोरं रागावणार नाहीत का?" रागावतील. पण सातबाऱ्यावर नाव असलेल्या आईवर रागावलेला मुलगा आणि नाव नसलेल्या आईवर रागावलेला मुलगा, या दोघांच्या रागाचा आवाज वेगळा असतो.

मुलीचं काय, हा प्रश्न दर बैठकीत येतो. कायद्याने मुलगीही आई-बापांना सांभाळायला बांधलेली आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने विजया अरबट खटल्यात कल्याणच्या एका लग्न झालेल्या डॉक्टर मुलीला हे स्पष्ट सांगितलं. मला तो निकाल बरोबर वाटतो. पण महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, आणि गावात तो हक्क साडीचोळीवर सुटतो. सोडला नाही तर दिवाळीला भाऊ न्यायला येत नाही. रनाळ्याच्या मायच्या मुलीने आईला आपल्याकडे नेलं असतं, पण तिच्या सासरी प्रश्न असा आला की शेत भावांनी घेतलं, मग म्हातारी आपण का घ्यायची? त्या सासरच्यांना मी अगदीच चूक म्हणू शकत नाही. मुलीने आपला वाटा सोडला तेव्हा आईचा दुसरा दरवाजाही तिने नकळत बंद केला.

आणि सून. २००७ च्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. २०१९ साली सुनेला आणि जावयालाही त्यात घालणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. कागदावर सुनेची जबाबदारी नाही, पण भाकरी ती थापते, लुगडं ती धुते, म्हातारी अंथरुणाला खिळली तर घाण ती काढते. मुलगा 'सांभाळतो' म्हणजे त्याची बायको सांभाळते. तिने एक दिवस हात आखडला की गावात बोलबाला तिचाच होतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याखाली सासूही तक्रार करू शकते, आणि २०१६ च्या हीरल हरसोरा खटल्यानंतर ती सुनेविरुद्धही करता येते, कारण प्रतिवादी 'प्रौढ पुरुष'च असावा ही अट न्यायालयाने काढून टाकली. त्या बाजूने उघडलेला हा दरवाजा मला थोडा भीतीदायक वाटतो. मुलगा आईच्या आडून बायकोला घराबाहेर काढतो, हेही होतं. एस. वनिता यांच्या खटल्यात २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वापरून सुनेचा राहत्या घरातला हक्क मोडता येणार नाही. आपल्या केंद्रात सासूचा अर्ज आला की मी पहिल्यांदा सुनेला एकटीला भेटते. अर्ज कुणाच्या अक्षरात आहे, हेही पाहते.

पेन्शनविषयी थोडक्यात. श्रावणबाळ योजनेचे आणि संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, २०२३ पासून. पूर्वी हजार होते. सरकारने आपल्या योजनेला आदर्श मुलाचं नाव दिलं हे गमतीचं आहे. घरातला श्रावणबाळ काम करीनासा झाला म्हणूनच तर ही योजना लागते. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली ती २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी. पासष्टीनंतर बहीण लाडकी राहत नाही, तिला दुसऱ्या रांगेत उभं राहावं लागतं. पण माझी मुख्य तक्रार रकमेची नाही. पासबुक कुणाकडे आहे, ही आहे. मायचं पासबुक मोठ्या मुलाकडे आहे. पैसे काढायला तो तिला मोटारसायकलवर घेऊन जातो. मशीनवर तिचा अंगठा उमटेपर्यंत चार-पाचदा दाबावा लागतो, कारण पन्नास वर्षं मिरची आणि कापूस वेचून बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. हक्कसोडपत्रावर मात्र तो पहिल्याच खेपेला उमटला होता. घरी आल्यावर तिला पन्नास रुपये मिळतात, मिश्रीला.

रनाळ्यात आम्ही दोन कामं सुरू केली आहेत. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला १५ दिवस असतात. गटातल्या दोन शिकलेल्या मुली दर सोमवारी ती नोटीस वाचून येतात आणि त्यात कुणा विधवेचं नाव कमी होत असेल तर बैठकीत सांगतात. मग आम्ही त्या बाईकडे जातो. भांडायला जात नाही, चहा प्यायला जातो, आणि विचारतो की काकू, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? दोन घरांतून आम्हाला हाकललंही. एका घरी काकू म्हणाल्या, ठाऊक आहे, मीच सांगितलं. आम्ही चहा पिऊन परतलो. दुसरं काम पोलीस ठाण्याशी आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठाण्यात असावी आणि महिन्यातून एकदा पोलिसाने, शक्यतो समाजसेवकाला सोबत घेऊन, त्यांच्याकडे जावं, असं कायद्याखालचे नियम सांगतात. ही यादी आम्ही मागितली आहे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा फोन नंबर आम्ही मंदिराच्या भिंतीवर लिहिला आहे, पण ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्यातल्या बहुतेकींकडे फोन नाही, आणि अक्षर दिसत नाही. तो वाचून त्यांच्या शेजारणीने फोन करावा, एवढीच अपेक्षा.

माय अर्ज करायला तयार होत नव्हती. तीन वेळा कागद घेऊन आली आणि तीन वेळा परत नेला. चौथ्या वेळी म्हणाली, पैसे नकोत, बाज माजघरात पाहिजे आणि डोळ्याचं ऑपरेशन पाहिजे, तेवढंच लिही. तेवढंच लिहिलं आहे. निर्वाहखर्चाची ओळ मी माझ्या हट्टाने घातली आणि तिला वाचून दाखवली. तिने डोकं हलवलं. अंगठा देण्याआधी तिने सगळा अर्ज दोनदा वाचून घेतला.

आता अर्ज नंदुरबारला द्यायचा आहे. एसटीला पैसे लागत नाहीत, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास फुकट आहे, पण कंडक्टर आधार कार्ड मागतो. अर्जालाही ते जोडावं लागेल. ते मोठ्या मुलाच्या कपाटात आहे. बुधवारी संध्याकाळी तो शेतातून आला की ते मागायला आम्ही तिघी जाणार आहोत: माय, मी आणि तिची धाकटी सून.